मतदान केंद्रावरचा उखाणा

देवानंद मास्तरांचं त्या दिवसांत राज्यघटनेशी बिनसलं होतं. हसनाबादला ते मुलांना नागरिकशास्त्र शिकवत, आणि येत्या रविवारी शिक्षकांपुढं त्यांचं भाषण होतं: निरनिराळ्या लोकशाह्या माणसाची प्रतिष्ठा कशी जपतात. भाषण लिहून तयार होतं, आणि कडक होतं. पश्चिम जर्मनीनं घटनेच्या पहिल्याच कलमात माणसाची प्रतिष्ठा ठेवली, अमेरिकेत कोर्ट सरकारचा कान धरतं, इंग्लंडनं तर घटना एका जागी लिहून न काढताही हक्क सांभाळले. आणि आपण? आणीबाणीत पावणेदोन वर्षं माणसांचे हक्क कुलपात घालून बसलो! आपल्या घटनेला चार खडे बोल सुनवायचेच, असं मास्तरांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात सत्त्याहत्तरची निवडणूक आली आणि मास्तरांना केदारखेड्याला केंद्राध्यक्ष करून धाडलं. मार्चचं ऊन, शाळेची एक खोली आणि दारात कोतवाल भिवा.

दुपारी केशरबाई आली. डोक्यावर पदर, हात कष्टानं रापलेले. ती टेबलापाशी पोचते न पोचते तोच सरकार पक्षाच्या उमेदवाराचा एजंट अप्पाराव उठला.

"आक्षेप हाय, साहेब. ही यादीतली केशरबाई न्हाईच. गावात तीन केशरबाया हायेत." त्यानं आक्षेपाचे दोन रुपये टेबलावर आपटले.

भिवा मास्तरांच्या कानाशी लागला. "खोटं बोलून राह्यलाय, साहेब. हिच्या पोराला, वसंताला, लगीन झाल्या झाल्या नसबंदीच्या कॅम्पात उचलून नेल्तं. बाई कुठं शिक्का मारणार, ते ह्याला बराबर ठावं हाय. नवरा रामकिसन ह्याच्याच वावरात कामाला हाय, म्हणून नवऱ्याचं भ्या न्हाई ह्याला. भ्या हिचंच."

पण साहेबाला कानगोष्टींवर चालता येत नाही. मास्तरांनी यादीवर हात ठेवून विचारलं, "बाई, मालकाचं नाव काय?"

केशरबाईनं नजर खाली वळवली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. मास्तरांनी पुन्हा विचारलं. तिनं पदराचं टोक दातांत धरलं. अप्पाराव मिशीत हसला.

"बघा! नाव ठावं आसंल तर सांगंल ना."

नाव नाही तर ओळख नाही, आणि ओळख नाही तर मत नाही. मास्तर अडचणीत सापडले. मग त्यांना वाटलं, आपल्याला किती सोपी वाट सुचली!

"मालक बाहेर असतील ना? भिवा, बोलाव त्यांना. तेच ओळख देतील."

केशरबाईनं दातांतला पदर सोडला. "त्यास्नी कशापायी? मत माझं हाय न्हवं? मंग मला इचारा."

मास्तर चपापले. एवढं शिकून आपण काय करायला निघालो होतो! बाईच्या मतासाठी नवऱ्याची हमी मागत होतो. आणि भाषणासाठी वाचलेलं, पण भाषणात न घातलेलं सगळं त्यांना आठवलं. ज्या अमेरिकेचं आपण कौतुक केलं, तिथं काळ्या माणसाला मतासाठी वाचनाची परीक्षा द्यावी लागत होती, अगदी परवा-परवापर्यंत. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं सहा वर्षांपूर्वी. आणि ही अंगठा उठवणारी बाई बावन्न सालापासून मत देत आली होती, कुणाच्या पाया न पडता. मास्तरांच्या बापाला गावच्या चावडीची पायरी चढू देत नसत. त्याच्या पोराला आज हा अप्पाराव झक मारत साहेब म्हणत होता. घटनेचे हक्क कुलपात गेले होते खरे, पण कुलपाची किल्ली घटनेनंच ह्या बाईच्या हाती दिली होती. रागापायी आपण हे उपकार विसरलो होतो, असं त्यांना मनापासून वाटलं.

ते हलकेच म्हणाले, "नुसतं नाव नका घेऊ, बाई. उखाण्यात घ्या. तेही चालेल मला."

"हे कुठल्या कायद्यात हाय?" अप्पाराव ओरडला.

"उखाण्यात घेऊ नये, असंही कुठं लिहिलेलं नाही. बसा खाली."

दाराशी रांगेतल्या बाया खिदळल्या. "घे गं केशरे! लाजू नगं!"

केशरबाईनं पदर सावरला, घसा खाकरला आणि लग्नातल्यासारखा खडा आवाज लावला:

"मतपेटीच्या तोंडाला लाल-लाल लाख,
रामकिसनरावांचं नाव घेते, सायबा, माझ्या मताची लाज राख!"

खोली हसली. मास्तरांनी यादी पाहिली. नाव बरोबर होतं.

"आक्षेप फेटाळला. दोन रुपये सरकारजमा."

बोटाला शाई लागली. केशरबाई गोणपाटाच्या आडोशामागं गेली आणि मतपत्रिकेची नीट घडी घालून बाहेर आली. घडी पेटीत टाकल्यावर पेटीला हात लावून तिनं तो कपाळाला टेकवला. मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाहेर रामकिसन वाटच पाहत होता. अप्पारावाचं आतलं बोलणं त्याच्या कानावर गेलंच होतं, आणि काम तर त्याच्याच वावरात होतं.

"कुणाला दिलंस गं?"

"तुमचं नाव आत घेतलं, धनी, समद्यांच्या म्होरं," केशरबाई म्हणाली. "मताचं नाव बाहेर घेत नसत्यात."

रामकिसननं चपला पायात सरकवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या मागून चालू लागला.