अजून ओल आहे

आमच्या ह्यांना कुणीही काम सांगो, उत्तर ठरलेलं असतं: "करतो, हातातलं संपू दे." सुतार माणूस, हातातलं कधी संपत नाही. लोकांच्या घरी नक्षीदार कपाटं बसवून येतात आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाला अजून दार नाही. दाराची आशा मी कधीच सोडली. बोलणं मात्र सोडलेलं नाही.

पण ही गोष्ट फडताळाची नाही, अक्रोडाच्या फळ्यांची आहे. आमच्या चर्चच्या आवारात अक्रोडाचं एक जुनं झाड होतं. वादळात ते आडवं झालं. मंडळीनं खोड ह्यांच्या हवाली केलं आणि पाळक म्हणाले, "यातून प्रभूसाठी काहीतरी करा." ह्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याच दिवशी ह्यांनी ठरवलं, पाळक ज्याच्यामागे उभे राहून उपदेश करतात ते पुलपिट नवं करायचं. असं की बघणाऱ्यानं बघतच राहावं. फळ्या पाडून झाल्या, कारखान्याच्या माळ्यावर मध्ये पट्ट्या घालून वाळायला रचून झाल्या, भिंतीवर खडूनं पुलपिटाचं चित्रही काढून झालं. मग वर्षामागून वर्ष गेलं. कुणी विचारलं की हे वर चढायचे, फळीवर बोटं वाजवून कान लावायचे आणि म्हणायचे, "अजून ओल आहे. आत्ता केलं तर तडकेल. देवाचं काम आहे, घाई करून कसं चालेल?"

"देवाला नसेल घाई," मी म्हणायची, "पण तुम्ही काय अमरपट्टा घेऊन आलाय?"

ह्यांची मोठी बहीण, ताई, आमच्याकडेच राहतात असं लोक म्हणतात. खरं तर आम्हीच त्यांच्याकडे राहतो, कारण घरात शब्द त्यांचा चालतो. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना ताईंनीच वाढवलं. प्रार्थनेला हात जोडायलाही त्यांनीच शिकवलं. चर्चमध्ये ताईंची जागा दाराशी. येणाऱ्याच्या हातात गीतांचं पुस्तक द्यायचं, म्हाताऱ्यांना बाकापर्यंत न्यायचं, रडक्या पोरांवर डोळे वटारायचे. आवारातला पाचोळाही त्याच झाडायच्या. मग त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि चाकांच्या खुर्चीत आल्या. चर्चच्या दाराला दगडी पायऱ्या. पहिल्या रविवारी चौघांनी खुर्ची उचलून आत नेली, तेव्हा गीत म्हणता म्हणता सगळी मंडळी माना वळवून बघत राहिली. घरी आल्यावर ताई म्हणाल्या, "मी काय कपाट आहे उचलून न्यायला? पुन्हा नाही." आणि ताईंचं नाही म्हणजे नाहीच.

पाळक घरी येऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देऊन जायचे. ताई डोळे मिटून घ्यायच्या. पण ते गेले की मला म्हणायच्या, "भाकर घरी येते गं. पंगत नाही येत." मग भावाला हाक मारायच्या. "अरे, त्या पायऱ्यांवर एक उतार करून दे. माझी मी जाईन चाकं फिरवत. कुणी हात लावायचा नाही."

"करतो ताई, हातातलं संपू दे."

ह्यांचा ताईंवर जीव नाही असं कुणी म्हणू नये. जीव ओवाळून टाकतील. पण उतार म्हणजे ह्यांच्या लेखी किरकोळ काम, आणि पुलपिट म्हणजे देवाचं. किरकोळ कामाला सवड मिळत नव्हती आणि देवाच्या कामाला मुहूर्त लागत नव्हता.

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ताईंचं हृदय थकलंय, मनात असेल ते त्यांना करू द्या. मी तडक कारखान्यात गेले. "येत्या प्रभुभोजनाला ताई चर्चमध्ये असल्या पाहिजेत. हातातलं गेलं खड्ड्यात."

ह्यांनी उतार केला. पण कधी? गिऱ्हाइकांची कपाटं पोचवून झाल्यावर, शनिवारी संध्याकाळी. आणि कशाचा? खोक्यांच्या फळ्या आणि उरलेलं प्लायवूड. रविवारी ताई ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. निम्म्या उतारावर प्लायवूड कडकन मोडलं आणि चाक खाली गेलं. मी आणि पाळकबाईंनी धरलं म्हणून ताई वाचल्या. त्यांच्या मांडीवरचं गीतांचं पुस्तक पायरीवर पडलं. आत गीत सुरू झालं होतं. ताई एवढंच म्हणाल्या, "घरी चला."

घरी आल्यावर त्या भावाला म्हणाल्या, आणि रागानं नाही हो, अगदी मायेनं म्हणाल्या, "पुलपिटाला मात्र चांगली फळी लाव हं. पाळक त्याला टेकून उभे राहतात."

हे जेवले नाहीत. सकाळी उठून कारखान्यात गेले. मी चहा घेऊन मागोमाग गेले, तर अक्रोडाच्या फळ्या खाली उतरवलेल्या आणि हे रंधा मारत होते. ढलप्या पातळ, लांबच्या लांब निघत होत्या. मग रंधा ठेवून हे स्टुलावर बसले.

"ठणठणीत वाळलीय. केव्हाचीच."

माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू! सगळं गिळलं.

"मला ठाऊक होतं," हे म्हणाले. "भीती वाटायची. एकदा करवत लागली की संपलं. चुकलं तर? माळ्यावर होतं तोवर ते पुलपिट जगात सगळ्यात सुंदर होतं. देवाला द्यायचं, द्यायचं म्हणत मीच ठेवून घेतलं गं."

मला रडू आलं. चहा गार झाला.

त्यानंतर ह्यांनी गिऱ्हाइकं परत पाठवली. मी हे स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. नवा उतार केला, चांगला रुंद, दोन्ही बाजूंना कठडा लावला, चाकं घसरू नयेत म्हणून आडव्या खाचा पाडल्या. बसवताना मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ कळवळून म्हणाले, "अरे, एवढ्या अक्रोडावरून चाकं फिरवणार? मग पुलपिटाचं काय?"

"पाळक त्या जुन्या टेबलामागून छान बोलतात," हे म्हणाले.

प्रश्न ताईंचा होता. पुढच्या प्रभुभोजनाच्या सकाळी त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मला पुन्हा तमाशा नको." ह्यांनी आर्जव केलं नाही. उतारातून उरलेला एक तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. ताईंनी त्यावरून बोटं फिरवली, वास घेतला. ज्या झाडाचा पाचोळा जन्मभर झाडला, ते त्या ओळखणार नाहीत होय?

"हे तर पुलपिटाचं."

"होतं."

ताईंनी भावाकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "माझे ठेवणीतले कपडे काढ."

दारात अर्धी मंडळी उभी होती. पाळकांनी सगळ्यांना आत बसायला सांगितलं, पण बसतंय कोण! ताईंनी चाकांना हात घातला. उतार कुरकुरला नाही, हलला नाही. निम्म्यावर गेल्यावर मात्र त्यांचे हात थांबले. ज्या ठिकाणी गेल्या खेपेला चाक फसलं, जवळपास तिथंच. दम लागला होता. चाकं मागे सरकू नयेत म्हणून त्या घट्ट धरून होत्या, बोटं पांढरी पडली होती. हे खाली उभे होते. कुणी हात लावायचा नाही असं ताईंनी बजावलेलं, म्हणून जागचे हलत नव्हते.

आत गीत सुरू झालं.

ताईंनी मान न वळवता म्हटलं, "अरे, बघत काय राहिलास? ढकल की."

आणि आयुष्यात पहिल्यांदा हे "करतो" म्हणाले नाहीत.