मे महिन्यातली थंडी

१९८३च्या मे महिन्यात मी आयुष्यातलं सगळ्यात बिनडोक काम पत्करलं. मी तुमसरला शाळामास्तर, आणि शाळेला सुट्टी होती. नागपूरच्या एका प्राध्यापकांना शहरातल्या माणसांना उघड्यावर किती गरम वाटतं, किती थंड वाटतं, ते मोजायचं होतं. त्यांनी मला एक थर्मामीटर दिला आणि छापील फॉर्म. प्रत्येक फॉर्मवर पाच चौकटी: फार गरम, गरम, बरं, थंड, फार थंड. थट्टेनं दिलेलं उत्तर खोडायचं, अशी ताकीद होती.

धानाच्या बाजारात भर दुपारी सावलीतच पारा पंचेचाळीसवर. पोती वाहणाऱ्या हमालांना विचारलं, तर जो तो म्हणे, "बरं हाये जी." मास्तरनं विचारलं की बरंच म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. ओळीनं बारा जणांना बरं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्राध्यापकांना वाटणार, मास्तरनं घरी बसून फॉर्म भरले.

मग कवडू आला. चाळिशीचा, अबोल हमाल.

"कसं वाटून राहिलं?" मी विचारलं.

"थंडी वाजून राहिली, गुरुजी."

सगळे खो खो हसले. मला ते झोंबलं. "मास्तरची मजाक करतं का रे? खरं सांग!"

"खरंच जी. आंगावर काटा येऊन राहिला."

एवढ्या उन्हात त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. ते मी पाहिलं, आणि तरी उत्तरावर काट मारली. तो पुढचं पोतं उचलायला गेला.

तासाभरात तो पोत्यासकट कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. डॉक्टर म्हणाले, "ऊन लागलेल्या माणसाला कधी कधी अशी हुडहुडी भरते. तेव्हाच सावलीत निजवून अंगावर पाणी मारलं असतं, तर कदाचित वाचला असता."

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. त्याची बायको धुरपता भिंतीला टेकून बसली होती.

"गुरुजी, तुमी होते ना बाजारात? थे काही बोलले का?"

माझा धीर सुटला. "नाही," मी म्हणालो, "काही नाही बोलला."

तिनं मान हलवली. "तसेच होते थे. काही दुखलं-खुपलं तं जन्मात कोनाले सांगतलं नाही त्यायनं."

सांगितलं होतं. एकदा. मला.