तिसऱ्या पायरीवरची वरात

चेन्नईच्या मैलापुरात शशिकलाबाईंच्या घरी नवरात्रात नऊ पायऱ्यांचा कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडतात. पण बायका येतात त्या तिसऱ्या पायरीवरची वरात बघायला. नवरानवरी, वाजंत्री, मिळून अकरा मातीच्या बाहुल्या, थेट युक्रेनहून आलेल्या! आणल्या त्यांच्या मुलाने, सिद्धार्थने. तिथे सूमी शहरात तो डॉक्टरकी शिकत होता. शेजारच्या देशाने हल्ला केला तेव्हा भारतीय विद्यार्थ्यांच्या बसमधून बाहेर पडला.

हा सिद्धार्थ युक्रेनचा कट्टर कैवारी. "थोडी जमीन द्यावी, मिटवावं भांडण," असं कोणी म्हणायचा अवकाश, गडी भरल्या ताटावरून उठायचा. लोक म्हणत, पोराला तत्त्वाची चाड आहे. कसलं तत्त्व अन् कसलं काय! आत काय जळत होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

यंदा पाचव्या दिवशी अन्नपूर्णामावशी आल्या. शशिकलाबाई नेहमीसारख्या रंगात आल्या. "याची घरमालकीण हालिना. तिनंच घरचे पडदे कापून बससाठी तिरंगा शिवून दिला. कोणी अडवलं नाही बघा!"

"अय्यो, देवमाणूसच की!" वाटीतलं हरभऱ्याचं सुंडल खाता खाता मावशी म्हणाल्या. "मग तिला का नाही रे आणलंस?"

"बसमध्ये जागा कुठली?" आईनेच परस्पर सांगितलं. सिद्धार्थने चार वर्षं हेच सांगितलं होतं.

"जागा होती," सिद्धार्थ म्हणाला.

मावशींनी सुंडलाची वाटी खाली ठेवली.

"तिनं स्वतःसाठी मागितलीच नव्हती. नऊ वर्षांची नात होती, मिला. तिला तेवढी सीमेपार ने म्हणाली. बसची यादी माझ्या हातात होती. मी म्हटलं, फक्त आपलीच मुलं, जागा नाही. माझ्या शेजारची सीट रिकामी होती, आई. तिच्यावर या बाहुल्यांचं खोकं ठेवलं होतं. फुटेल म्हणून मांडीवरही घेतलं नाही मी."

शशिकलाबाईंचा चेहरा उतरला. "मीच बजावलं होतं रे फोनवर, बाहुल्या जपून आण म्हणून."

"तुला मिलाचं कुठे माहीत होतं? मला होतं."

"पोरगी आहे ना?" मावशींनी घाबरत विचारलं.

"आहे. स्फोटात एक कान गेला. आजी दर नवरात्रात विचारते, बाहुल्या न फुटता पोचल्या ना? खोकं तिनंच बांधलं होतं. मी उत्तरच देत नाही."

"आत्ता दे," आई म्हणाली. "माझ्यासमोर."

त्याने फोनवर लिहिलं, 'पोचल्या. एकही फुटली नाही. मिलाच्या जागेवर बसून आल्या.'

उत्तर लगेच आलं. त्याने ते आईला वाचून दाखवलं.

'ठाऊक आहे. बस निघाली तेव्हा खिडकीतून सीटवरचं खोकं दिसलं होतं मला. मिलाला बघायच्या आहेत, फोटो पाठव.'