नवव्या प्रकरणातला हात

ग्लेनिस टुओही लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीची आचारीण होती. ऑस्ट्रेलियात बर्क गावाच्या पश्चिमेकडच्या मेंढवाड्यांवर टोळीबरोबर हिंडण्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. तिच्या सामानात कढया-तव्यांपेक्षा पुस्तकांची पेटीच जड होती. दिवसभर मेंढ्यांवर वाकून पाठ मोडलेले गडी हात धुतले की त्या पेटीवर तुटून पडत. रविवारी दुपारी जेवणं उरकली की त्याच पुस्तकांवरून टेबलाशी कडाकडा भांडत. भांडण तोंडाचंच असे, निदान त्या रविवारपर्यंत तरी.

डिसेंबरचं ऊन पत्र्यावर नुसतं आग ओकत होतं. मर्व हॅडोने आठवड्याच्या मटणासाठी सकाळीच मेंढा पाडला होता आणि त्याच्या नखांतलं रक्त अजून गेलं नव्हतं. मर्व साठीचा, अंगाने रेड्यासारखा माणूस. पण प्रेमकथा वाचून ढसाढसा रडायचा आणि ते लपवायचाही नाही.

"प्रेमकथा कशाला म्हणायचं ते मी सांगतो," तो म्हणाला. "शेवटच्या पानावर दोघं जिवंत पाहिजेत आणि एकत्र पाहिजेत. नाहीतर ती रडकथा."

"आणि मधे खून पडला तर?" कॉलिन स्टॅगने विचारलं. टोळीतला सगळ्यात चपळ हात याचाच. वाचायचा फक्त युद्धाच्या आणि खुनाच्या गोष्टी.

"तिसऱ्याचा पडला तर चालतो."

सगळे हसले. टेबलावर पडलेली जाडजूड कादंबरी महिनाभरात साऱ्यांच्या हातांतून फिरून आली होती. एका मेंढवाड्याचा मालक आणि त्याच्याकडे शिकवायला आलेली मास्तरीण, यांची गोष्ट. शेवटी लग्न.

"ही प्रेमकथा नाही," रोशेल म्हणाली.

रोशेल म्हणजे कॉलिनची बायको. लोकर निवडायचं काम करायची, पुस्तकं घेऊन जायची आणि न बोलता परत आणून द्यायची. या बैठकीत तिचं तोंड पहिल्यांदाच उघडलं होतं.

"नवव्या प्रकरणात तो तिचा हात मोडतो," ती म्हणाली.

"प्यालेला असतो तो," कॉलिन म्हणाला.

"अकराव्यात प्यालेला नसतो."

"पण शेवटी सुधारतो की गं पोरी," ग्लेनिस मधे पडली. हे पुस्तक तिचं लाडकं. "पाय धरून रडतो तिचे."

"पुस्तक तिथे संपतं म्हणून. आणखी दहा पानं असती तर?"

मर्वने मनापासून विचारलं, "मग याला म्हणायचं काय? रहस्यकथा?"

"रहस्य कसलं त्यात? मोलकरणीला ठाऊक, घोडेवाल्याला ठाऊक, पाद्रीबाबाला ठाऊक. भयकथा आहे ही. भूत कोण ते पहिल्या पानापासून माहीत असतं, एवढंच."

ग्लेनिसची नजर रोशेलच्या बाह्यांकडे गेली. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बटणं लावलेली. त्या बाह्या ती तीन हंगाम पाहत होती, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"आठवीत शाळा सोडलेली बाई आम्हाला अक्कल शिकवते," कॉलिन म्हणाला. तो हसत होता.

"वाचता येतं मला," रोशेल म्हणाली.

त्याने ती कादंबरी उचलली आणि कण्याच्या बाजूने तिच्या तोंडावर हाणली. नाक फुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ती सावरते न सावरते तोच त्याने तिचे केस मुठीत धरून डोकं टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. कप उडाले, चहात रक्त मिसळलं.

मर्व टेबल ओलांडूनच त्याच्यावर पडला. दोघं मांस कापायच्या ठोकळ्यावर जाऊन आदळले, आणि कॉलिनच्या हाताला सुरी लागली. त्याने मर्वचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा फाडला. बाकीचे गडी भिंतीला चिकटले होते. कॉलिनने पुन्हा सुरी उगारली, तेव्हा ग्लेनिसने चुलीवरचा बिडाचा तवा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड काटकीसारखं मोडलं. सुरी पडली. दुसरा घाव जबड्यावर बसला आणि तो खाली कोसळला.

तिसऱ्या घावाची गरज नव्हती. तरी तिने तो घातला.

"मारलंस त्याला, थेरडे!" रोशेल किंचाळली. स्वतःच्या नाकातून धार लागलेली असताना ती कॉलिनचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि आपल्या झग्याने त्याचं रक्त पुसू लागली. ग्लेनिसच्या हातातला तवा गळून पडला. तिने मुकाट्याने मर्वचा हात टॉवेलात आवळला.

फौजदार दोन तासांनी पोचला. कॉलिन शुद्धीवर आला होता. तुटलेल्या दातांतून त्याने सांगितलं, "पुस्तकावरून वाद झाला. म्हातारीने मागून हाणलं."

"बाई, तुमच्या तोंडाला काय झालं?" फौजदाराने रोशेलला विचारलं.

"पडले."

मर्व काहीतरी बोलायला गेला, पण ग्लेनिसने मान हलवली. तिच्या मनाने घेतलं, तीन हंगाम गप्प बसल्याचं हे देणं आपल्यालाच फेडायला हवं. फौजदाराने गाडीचं मागचं दार उघडलं. ग्लेनिसने एक पाय आत टाकला.

"थांबा," रोशेल म्हणाली. "पडले नाही मी."

आणि ती सांगू लागली. कुठल्या वाड्यावर बरगडी, कुठल्या वाड्यावर करंगळी, कुठल्या नाताळात पोटातलं मूल. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. फौजदाराने वहीची सहा पानं भरली. त्यातल्या प्रत्येक वाड्यावर ग्लेनिसने स्वयंपाक केला होता. त्या त्या दिवशी काय रांधलं होतं, तेसुद्धा तिला आठवत होतं. 

कॉलिनला चार वर्षांची शिक्षा झाली. तिसऱ्या घावाबद्दल न्यायाधीशाने ग्लेनिसला उभं करून खडसावलं आणि समज देऊन सोडलं. रोशेल डब्बो गावी बहिणीकडे निघून गेली. जाताना तिने ग्लेनिसचा हात हातात घेतला नाही. फक्त म्हणाली, "विचारायचंस तरी."

मर्वची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत, त्यामुळे कातरणी सुटली. पुढच्या हंगामात तो ग्लेनिसच्या हाताखाली बटाटे सोलायला आला आणि डाव्या हाताने, हळूहळू, सोलत राहिला.