वर्दानीचा डावा गाल

"चेहऱ्याची नस तेवढी ठेवा, बाकी काय कापायचं ते कापा," वर्दानी तिसऱ्यांदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा खुर्चीतून उठला.

"बसा हो," डॉक्टर मारियान म्हणाली. "गाठ त्या नसेलाच वेटाळून बसलीय. नस ठेवली तर आजारही राहील, आणि तिच्यावरून डोक्यात चढेल."

इजिप्तमधल्या असियूतच्या या इस्पितळात पोचायला त्याला पाच वर्षं लागली, आणि त्या उशिराला सगळा गावच कारण. वर्दानी लग्नांत मिझमार, म्हणजे तिकडची सनई, वाजवायचा. कानाखाली गाठ आली तेव्हा त्याच्या साथीचा ढोलवाला शाझली छातीठोकपणे म्हणाला होता, "मिझमार फुंकणाऱ्यांना ती येतेच. तुझ्या बापाला नव्हती?" होती की. पण बापाची हवेने फुगायची, दाबली की बसायची. ही बसेना. तरी लग्नघरी लोक तिला कौतुकाने बोट लावत, आणि खोटं कशाला बोला, वर्दानी ऐटीत गाल पुढे करी. मग गालाला मुंग्या येऊ लागल्या, दुखू लागलं. सुई घालून तपासलं, तर लाळेच्या ग्रंथीचा कर्करोग. अगदी विरळा, म्हणे.

"विरळा म्हणजे मानाचा का?" त्याने विचारलं होतं. कुणी हसलं नाही.

आता तो व्हरांड्यात येरझारा घालत होता. बोटं झग्यावरच मिझमारची भोकं दाबत होती. बाकावर त्याची बायको सनिय्या बसली होती.

"बसा ना एका जागी. माझा जीव घाबरा होतो."

"ओठ लुळा पडल्यावर फुंकू कशाने? लग्नात काय नुसता पंगतीला बसू?"

"बसा की. चाळीस वर्षं लोक जेवले आणि तुम्ही फुंकत राहिलात. एकदा गरम जेवा." मग तिने त्याचा झगा धरून त्याला थांबवलं. "मला वाजंत्री नकोय हो. तुम्ही हवे आहात."

त्याने शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली. भीती वाटत होती, आणि ते त्याने लपवलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मारियान कागद घेऊन खाटेशी आली. "गाल फुगवा बघू."

त्याने फुगवला. डाव्या कोपऱ्यातून हवा फुस्सकन निघून गेली. सनिय्या खिडकीकडे बघू लागली. मारियान लिहायला लागली.

"थांबा," तो बोबडं बोलला.

त्याने अंगठ्याने ओठांचा कोपरा दाबून धरला, दोन्ही गाल भरले, आणि मिझमार फुंकताना घ्यायचा तसा नाकाने श्वास घेत, मारियानचं लिहून होईपर्यंत तसेच भरलेले ठेवले.