ताईचं पान

थोरामोठ्यांच्या चरित्रांच्या शेवटी बारीक टायपात नावांची सूची असते ना, ती बनवायचं काम धाकटी बहीण करायची. पान वाचायचं, नाव उचलायचं, पुढे पानाचा आकडा टाकायचा. या खेपेला टेबलावर एका नामवंत शिल्पकाराचं चरित्र होतं आणि आतल्या खोलीत ताई. ताईने त्याच शिल्पकाराच्या स्टुडिओत एकोणीस वर्षं संगमरवर घडवला होता. दगडाची भुकटी छातीत बसली ती बसलीच. आता नाकात नळी होती आणि डॉक्टर महिन्यांचं नाव काढत नव्हते.

"माझं पान सापडलं का गं?" ताई रोज विचारायची.

"अजून तिथवर पोचले नाही."

खरं तर पुस्तक केव्हाच वाचून झालं होतं. चारशे पानांत शिल्पकाराचा कुत्रासुद्धा तीनदा आला होता. ताई एकदाही नाही.

शेवटी धाकटीने संपादकांना फोन केला. "एक ओळ घाला हो. माणूस चाललंय माझं."

"बाई, पानं लागलीत. एक ओळ वाढली की पुढचं सगळं सरकणार. तुमची सूचीसुद्धा."

"सूची नवी करून देते."

"आणि लेखक म्हणतील, पुरावा काय?"

पुरावा आत खोकत होता. धाकटीने फोन ठेवला, पानांचा गठ्ठा उचलला आणि आत गेली.

"सापडलं! पान एकशे बेचाळीस."

"वाच."

धाकटीने कुत्र्याच्या पानावर बोट ठेवलं आणि मनचंच वाचू लागली. चौकातल्या पुतळ्याचे दोन्ही हात शिल्पकारांच्या सहायिकेने घडवले, असं म्हणून तिने ताईचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, खणखणीत. ताई डोळे मिटून ऐकत होती. धाकटीला वाटलं, सुटले.

"चूक आहे," ताई म्हणाली. "उजवा तेवढा माझा. डावा सरांनी स्वतः केला. लाव फोन."

"राहू दे गं. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना! दुसऱ्याचं काम माझ्या नावावर खपवून मरू होय मी? लाव."

धाकटीने नंबर न लावताच फोन कानाला धरला. "हो साहेब, एकशे बेचाळीस. दोन्ही नाही. फक्त उजवा."

"अंगठा सोडून म्हणावं," ताईला धाप लागली. "माझ्याकडून तुटला होता. नवा त्यांनीच बसवला."

"अंगठा सोडून," धाकटीने मुक्या फोनला सांगितलं.