व्हर्लिनची कार्बन प्लेट

व्हर्लिन स्टोल्ट्झचं पत्र मार्चमध्ये आलं. मी उत्तर दिलं नाही. रिमोटवर चालणारी शर्यतीची छोटी गाडी माझ्याकडे ठेवून तो फोर्ट वेनला मुलीकडे राहायला गेला होता. लिहिलं होतं, "ऑरिन, खरं सांग. गाडी वळणावर निसटते ती प्लेटमुळे की माझ्या हातांमुळे? हातांमुळे असेल तर सगळं विकून टाकतो. तू सांगशील ते मानेन."

प्लेट मीच सुचवली होती. रिमोटच्या गाडीत मोटर, बॅटरी, चाकं, सगळं ज्या सपाट तळावर बसतं, ती. त्याची जुनी फायबरग्लासची होती, वाकायची. मी म्हणालो, कार्बनची घे, ताठ असते, वेळ वाचेल. पुस्तकात वाचलेलं मी फार ठामपणे सांगतो. आता प्लेट वाईट म्हटलं तर चूक माझी, आणि हात म्हटलं तर ते त्याला मीच सांगायचं. दोन्ही जमेना.

उन्हाळ्यापासून ट्रॅक बंद होता. नोव्हेंबरात उघडला तेव्हा गाडी नडीनला दिली. टोलीडोतला हा छताखालचा, कार्पेट अंथरलेला ट्रॅक तीच चालवते.

"एवढे महिने कपाटात कोंडलीत हिला? पुस्तकांसारखी?"

"चालवून बघ फक्त."

वीस फेऱ्या झाल्या. एकदाही निसटली नाही.

"झकास आहे की! कुणाची?"

"व्हर्लिनची."

तिने रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचे हात."

प्लेट निर्दोष ठरली, तरी मला सुटल्यासारखं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

"आता बोटं थरथरवत चालव," मी म्हणालो.

"त्यांची नक्कल करू?"

"कर."

तिसऱ्या फेरीत गाडी कडेच्या फळीवर आदळली. मी स्क्रू काढून सोबत आणलेली त्याची जुनी प्लेट बसवली. ती पुन्हा तशीच थरथरत चालवू लागली. गाडी हळू होती, पण वळणं धरून राहिली.

"कार्बन चुगलखोर आहे हो," नडीन म्हणाली. "बोट हललं की लगेच चाकाला सांगते. ही जुनी निम्मं गिळून टाकते. पण शर्यतीत ते शेवटून दुसरे येतील."

"शेवटून दुसरा?"

"शेवटचे तुम्ही असता ना!"

घरी जाऊन लिहिलं: "व्हर्लिन, हात थरथरतात, ते खरं. पण तुझे हात न बघता मी पुस्तकातलं सांगितलं, ती चूक माझी. जुनी प्लेट बसवली आहे. तिच्यावर गाडी हळू चालेल, पण निसटणार नाही. विकायचं की नाही, तू ठरव. उत्तराला उशीर झाला."

पत्र गाडीसोबत खोक्यात ठेवलं.

"आत बॅटरी आहे का?" पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

"काढून घेतलीय."

त्यांनी शिक्का मारला आणि खोकं मागच्या गाड्यावर ठेवलं.